सपाट वाट कुणी केली? टेम्सकाठच्या पायवाटेचा इतिहास

सहलीच्या पुस्तकांत नदीकाठच्या वाटांचं वर्णन जवळपास ठरलेलं असतं. वाट सोपी आहे, चढ नाही, मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन जाता येईल, एका बाजूला सतत नदी दिसत राहते. हे वाचून आपण सगळं श्रेय निसर्गाला देऊन मोकळे होतो. नदी सपाटीवरून वाहते, म्हणून काठची वाटही सपाट. विषय संपला.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, आज तुम्हाला नेमकं इथेच थांबवायचं आहे. 'हे असंच असतं' असं जिथे वाटतं, तिथे बऱ्याचदा एक चांगला प्रश्न दडलेला असतो. उदाहरण म्हणून इंग्लंडमधली टेम्स नदी आणि तिच्या काठची 'टेम्स पाथ' ही वाट घेऊ. ग्लॉस्टरशायरमधल्या केंबल गावाजवळच्या उगमापासून लंडनच्या टेम्स बॅरियरपर्यंत ती सुमारे १८४ मैल, म्हणजे २९६ किलोमीटर जाते. १९९६ साली ती राष्ट्रीय पायवाट म्हणून अधिकृतपणे खुली झाली. हौशी चालणाऱ्यांची ही अगदी लाडकी वाट. पण तिचं वय १९९६ पासून मोजलं तर फसगत होते.

आधी उतार मोजू

मी विज्ञानाकडून इतिहासाकडे आले, त्यामुळे हात आधी आकड्यांकडे जातो. लेचलेड या गावापाशी टेम्स समुद्रसपाटीपासून साधारण ७० मीटर उंचीवर आहे. तिथून सुमारे २०० किलोमीटर खाली टेडिंग्टनला ती भरती-ओहोटीच्या पाण्याला मिळते. म्हणजे एका किलोमीटरला फक्त ३५ सेंटीमीटर उतार! आपल्या सिंहगडाची पायवाट तीनेक किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढते. दोन्हींची तुलना केली तर फरक पाचशेपटीहून जास्त निघतो.

तर मग वाट सपाट असण्याचं कारण सापडलं का? अर्धंच. नदीचं पात्र सपाट असलं म्हणून काठ चालण्याजोगा होतो असं नाही. कुठल्याही न राखलेल्या नदीकाठी जाऊन पाहा. चिखल असतो, दलदल असते, झाडोरा पाण्यावर झुकलेला असतो, मध्येच एखादा ओढा येऊन मिळतो आणि तो ओलांडायला आत किलोमीटरभर वळसा घ्यावा लागतो. सलग, टणक, मोकळी वाट आपोआप तयार होत नाही. ती कुणीतरी करावी लागते आणि दरवर्षी राखावी लागते. मग टेम्सच्या काठी हे काम कुणी केलं, आणि कुणासाठी? चालायला येणाऱ्यांसाठी नक्कीच नाही.

दोराची वाट

उत्तर आहे दोर. रेल्वेच्या आधी जड माल न्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पाणी. धान्य, लाकूड, कोळसा, दगड यांनी भरलेले बार्ज प्रवाहाबरोबर खाली लंडनकडे जायचे. परत वर यायचं तर ओढून आणावे लागत. आधी हे काम माणसं करत. अंगाला पट्टा बांधून, ओणवं होऊन, काठाकाठाने चालत. अठराव्या शतकात घोडे वाढले. मोठ्या भरलेल्या बार्जला आठ-दहा घोडे लागत, नाहीतर पन्नासच्या वर माणसं. या ओढण्याच्या वाटेला इंग्रजीत टोपाथ म्हणतात. मी पुढे तिला 'ओढवाट' म्हणते.

माणूस चिखलातून, कुंपणावरून, कसाही जाऊ शकतो. घोड्यांची रांग तशी जाऊ शकत नाही. तिला सलग आणि टणक वाट लागते, ओढ्यांवर पूल लागतात, कुंपणांत फाटकं लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घोडा आणि नाव यांच्यामध्ये ताणलेला लांब दोर असतो. वाट आणि पाणी यांच्यामध्ये झाड आलं की दोर अडकतो. म्हणून नदीकडची बाजू झाडांपासून मोकळी ठेवावी लागे.

आता सहलीच्या पुस्तकातलं 'एका बाजूला सतत नदी दिसत राहते' हे वाक्य परत वाचा. तो देखावा मुळात कुणी डोळ्यांसाठी राखलेला नव्हता. इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांच्या पुलांवर आजही दोरांनी घासून पडलेल्या खोल खाचा दिसतात. तो तर इतिहासाचा पुरावाच. पण झाडं नसलेला मोकळा काठ हाही तसाच पुरावा आहे, एवढंच की तो आपल्याला पुरावा म्हणून दिसत नाही.

नदीसुद्धा तेव्हा आजच्यासारखी शांत नव्हती. गिरणीवाले पाणचक्कीसाठी बांध घालून पाणी अडवत, मासेमारीसाठीही अडथळे असत. हा वाद इतका जुना आहे की १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये टेम्स आणि मेडवे नद्यांमधले मासेमारीचे बांध काढून टाकण्याचं कलम आहे. बांधातून नाव न्यायची तर फळ्या काढून पाण्याचा लोंढा सोडायचा. खाली जाणारी नाव त्याच्याबरोबर घसरायची, वर येणारी त्याच्याविरुद्ध ओढायची. धोक्याचं काम होतं. दोन दरवाज्यांमध्ये पाणी भरून नाव हळूच वर उचलणारी लॉक टेम्सवर पहिल्यांदा १६३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या आसपास आली. पुढे १७७० च्या कायद्यानंतर टेम्स कमिशनर्सनी मेडनहेडच्या वरच्या भागात आणखी लॉक बांधली, घोड्यांच्या ओढवाटाही मार्गी लावल्या. आज ज्या लॉकपाशी लोक डबा उघडून बसतात, त्यातली बरीच या व्यापारी यंत्रणेचे भाग आहेत.

काठ कुणाचा?

इथवरचा इतिहास तंत्रज्ञानाचा झाला. पण नदीकाठ हा कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीची कडा असतो. तिच्यावरून घोडे न्यायचा हक्क कुठून आला?

या प्रश्नाला युरोपात दोन वेगळी उत्तरं मिळाली. सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायद्याच्या ग्रंथात म्हटलं आहे की काठाची मालकी लगतच्या जमीनदाराची असली तरी काठाचा वापर नदीसारखाच सर्वांचा. तिथल्या झाडांना कुणीही नावेचा दोर बांधू शकतो. फ्रान्सने हीच दिशा धरली. १६६९ साली चौदाव्या लुईच्या काळात, कोल्बेरच्या पुढाकाराने, जंगलं आणि पाण्याविषयीचा मोठा फर्मान निघाला. जिथून नावा ओढल्या जातात त्या काठावर २४ फूट रुंद जागा मोकळी ठेवायची, समोरच्या काठावरही १० फुटांच्या आत झाडं लावायची नाहीत, कुंपण घालायचं नाही. हे फ्रेंच फूट. मीटरमध्ये ७.८० आणि ३.२५. आणि गंमत म्हणजे आजच्या फ्रेंच कायद्यात हेच दशांशाचे आकडे टिकून आहेत! कुणी विचारलं की ३.२५ मीटरच का, तर उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मोजपट्टीत सापडतं.

इंग्लंडमध्ये उलट झालं. १७८९ च्या 'बॉल विरुद्ध हर्बर्ट' या खटल्यात किंग्ज बेंच न्यायालयाने सांगितलं की नाव चालवण्याजोग्या नदीच्या काठावरून नाव ओढण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्रजी कायद्यात नाही. हक्क हवा तर तो त्या त्या ठिकाणी विशेष कायद्याने, करारातून किंवा जुन्या वहिवाटीतून सिद्ध करा. म्हणजे प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा. जमीनदार घोड्यांमागे पैसे घेऊ शकत, नाहीतर वाट नाकारूही शकत.

आता टेम्स पाथचा नकाशा उघडा आणि वाटेवर बोट फिरवा. ती एका काठाने सरळ जात नाही. या काठावर काही मैल, मग त्या काठावर, पुन्हा इकडे. यात भूगोल थोडा आहेच, पण कुठल्या काठावरून हक्क मिळाला, हा भाग मोठा आहे. वाट काठ बदलायची तिथे घोडे पलीकडे न्यायला तर असायची.

वाट तुटते तिथे बघा

हे माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात शिकण्यासारखं ठिकाण. प्रयोगशाळेत एखादा बिंदू आलेखाच्या रेषेबाहेर पडला की चांगला गाईड म्हणतो, 'तो खोडू नकोस, आधी त्याच्याकडे बघ.' इतिहासातही तसंच. सलग वाट फारसं बोलत नाही. ती तुटते तिथे बोलते.

१८३८ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे लंडनहून मेडनहेडपर्यंत आली, १८४० मध्ये रीडिंगला, १८४४ मध्ये ऑक्सफर्डला. मेडनहेडला नदी ओलांडताना ब्रुनेलने विटांच्या दोन रुंद, चपट्या कमानी टाकल्या. प्रत्येकीचा गाळा १२८ फूट. जलमार्ग आणि ओढवाट दोन्ही मोकळे राहिले पाहिजेत, हे बंधन त्याच्यावर होतं. एक कमान नदीच्या वाटेवरून जाते. तिच्याखाली आवाज घुमतो म्हणून ती प्रसिद्ध आहे. टर्नरच्या १८४४ च्या पाऊस, वाफ आणि वेगाच्या चित्रातला पूल हाच. ज्या रेल्वेने पुढे बार्जचा धंदा मोडला, तिला आधी बार्जच्या घोड्यांसाठी जागा सोडावी लागली होती.

दुसरं ठिकाण विंडसर. इथे ओढवाट राजवाड्याच्या होम पार्कला लागून जात असे. १८४८ च्या कायद्याने ती बंद झाली. डॅचेटचा जुना पूल गेला, आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट नावाचे दोन नवे पूल झाले. मधला नदीकाठ राजघराण्याच्या खासगी बागेत गेला. आजही टेम्स पाथवरून चालणारा माणूस एका पुलावरून पलीकडे जातो, डॅचेटमधून फिरतो आणि दुसऱ्या पुलावरून परत येतो. १८४९ मध्ये दोन रेल्वेमार्ग विंडसरला पोचले, हे जमेस धरा. ज्या वाटेवर व्यापार अवलंबून असतो ती बंद करणं कठीण असतं. व्यापार हलू लागला की तीच वाट बंद करणं सोपं जातं. हा माझा अन्वय आहे, तुम्ही तो तपासून बघा.

तिसरं ठिकाण टेम्पल, हर्लीजवळ. इथे ओढवाट तरीने काठ बदलायची. १९५३ मध्ये तर बंद पडली. वाट दोन्ही काठांवर होती, पण मधलं पाणी ओलांडायला काही नव्हतं. पादचारी पूल झाला तो १९८९ मध्ये. म्हणजे ३६ वर्षं वाट कागदावर होती आणि पायांना नव्हती. बॉर्न एंडला १९९२ मध्ये रेल्वेच्या पुलाला बाजूने पादचारी मार्ग जोडला गेला. शिपलेक आणि मोल्सफर्डपाशी मात्र आजही वाट नदी सोडून आत जाते, कारण तिथल्या तरी गेल्या त्या गेल्याच. शेपर्टनची तर अजून चालू आहे, त्यामुळे तिथे वाटही जुळलेली आहे.

पुस्तकात या जागी फक्त एवढं लिहिलेलं असतं: 'येथे वाट थोडा वेळ नदीपासून दूर जाते.'

चालणाऱ्याचा हक्क सगळ्यात शेवटी आला

माल रेल्वेकडे गेला, नदी मोकळी झाली आणि हौशी लोक आले. वल्हवणारे, मासे पकडणारे, रविवारी लंडनहून येणारे. १८८९ मध्ये आलेली जेरोम के. जेरोम यांची 'थ्री मेन इन अ बोट' ही कादंबरी याच नदीवरची. तिच्यात काठच्या मालकांनी लावलेल्या 'प्रवेश बंद' छापाच्या पाट्यांवर पात्रं भयंकर चिडलेली आहेत. आपण ते विनोद म्हणून वाचतो, पण त्या पाट्यांमागे खरा झगडा होता. १८८५ मध्ये पार्लमेंटने टेम्सच्या रक्षणाचा कायदा केला. टेडिंग्टनच्या वरची नदी लोकांच्या विरंगुळ्यासाठीही आहे हे त्याने मान्य केलं, आणि क्रिकलेडपासून टेडिंग्टनपर्यंत नावेतून कामासाठी असो की मौजेसाठी, जाण्यायेण्याचा हक्क सगळ्यांना दिला. पण नीट वाचा. हा हक्क पाण्यावरचा. काठावरून पायी चालण्याचा नव्हे.

पायी चालणाऱ्याला कायद्याचा मोठा आधार मिळाला १९३२ च्या कायद्याने. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, जबरदस्ती न करता, परवानगी न मागता जात असतील, तर ती सार्वजनिक वाट म्हणून अर्पण केली आहे असं सर्वसाधारणपणे धरायचं. मालकाला हे टाळायचं असेल तर आपला तसा हेतू नाही हे त्याने दाखवायचं, उदाहरणार्थ पाटी लावून. आता त्या पाट्यांचं महत्त्व कळतं ना? पाटी ही नुसती खडूसपणाची खूण नव्हती. हक्क तयार होण्याची प्रक्रिया तोडण्याचं ते साधन होतं.

त्यानंतर १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला. त्याने सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले आणि लांब पल्ल्याच्या पायवाटांची सोय केली. पहिली अशी वाट, पेनाइन वे, १९६५ मध्ये पूर्ण झाली. टेम्सला आणखी तीस वर्षं थांबावं लागलं. डोंगरावरची वाट आधी आणि ही सपाट, सोपी वाट नंतर! कारण अडचण चढाची नव्हती. अडचण मालकीची आणि बंद पडलेल्या तरींची होती.

आणि फ्रान्स? तिथे तर १६६९ पासून मोकळा पट्टा होता. पण तो नावा चालवणाऱ्यांसाठी. पुढे मासेमारांना त्यात जागा मिळाली, आणि सर्वसामान्य पादचाऱ्यांना ती मिळाली २००६ च्या पाणी कायद्याने. दोन देश, दोन अगदी वेगळ्या कायदेशीर वाटा, पण एका बाबतीत दोन्हीकडे सारखंच घडलं: काम करणाऱ्या दोराला जागा आधी मिळाली, नुसत्या चालणाऱ्या माणसाला फार उशिरा. सुरुवातीलाच म्हटलं ना, ही वाट निसर्गाची देणगी समजू नका. ती श्रमातून तयार झाली, आणि लोक चालत राहिले म्हणून टिकली.

तुमच्या प्रस्तावासाठी यातून काय घ्याल?

पहिलं, नकाशा हे चित्र नसून साधन आहे. इंग्लंडमध्ये २००० च्या एका कायद्याने १९४९ पूर्वीच्या, नोंद न झालेल्या वाटा नोंदवायला २०२६ ही मुदत घातली होती. पुढे ती वाढवली गेली, पण तोवर साधे हौशी चालणारे लोक अभिलेखागारांत बसून जुने नकाशे, जमिनींच्या वाटपाचे कागद चाळू लागले होते. त्यांच्यासाठी इतिहास म्हणजे उद्या फाटक उघडं असेल की बंद, हा प्रश्न होता.

दुसरं, हा प्रश्न आपल्याकडे नाही असं समजू नका. आपल्या गावनकाशांवरही पायमार्ग, गाडीमार्ग, शिवरस्ते तुटक रेषांनी दाखवलेले असतात, आणि पाणंद रस्त्यावरच्या अतिक्रमणाचे वाद तहसीलदारांसमोर रोज चालतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे, कुणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, नद्या-नाल्यांची पात्रं शासनाची. पण पात्राकडे जाणारी वाट? १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांच्या अखंड, उघड वहिवाटीचा नियम आहे. आकडा तोच, पण घाईने बरोबरीचं चिन्ह टाकू नका. तिथला हक्क मुख्यतः एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवरून जाण्याचा आहे. सार्वजनिक वाटेचा प्रश्न वेगळा. असे फरक प्रस्तावातच स्पष्ट केले की व्हायवात त्रास कमी होतो.

तिसरं, सुरुवात लहान ठेवा. तुमच्या गावची एक नदी, तिचा पाच किलोमीटरचा काठ. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळवा. विदर्भात असाल तर निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज बघा, त्यात गावाच्या वहिवाटीची नोंद सापडू शकते. मग तो नकाशा घेऊन प्रत्यक्ष चाला. धुणं धुवायला, गुरं पाजायला, तरीवर, घाटावर, बाजाराला लोक कुठून जात होते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. कागदावरची रेष आणि पायाखालची वाट जिथे जुळत नाहीत, ती जागा वहीत लिहून ठेवा. सोबत तारीख आणि सांगणाऱ्याचं वयही लिहा, नंतर आठवत नाही.

चालताना वाट मध्येच संपली, तार आडवी आली किंवा भिंत लागली तर हिरमुसू नका. फोटो काढा. बहुतेक तुमचं दुसरं प्रकरण तिथूनच सुरू होणार आहे.